मागच्या पायरीला कुलूप कशाला?

संपादक महोदय,

'सेटअपचा अर्ज एकेक पायरी पुढे नेतच भरून घ्यावा, मागे फिरू दिले की लोक घोळ घालतात' हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे बेंबळीच्या बाजारात टिकणार नाही. माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानात बिलाचे सॉफ्टवेअर बसवताना पहिल्या पानावर राज्य चुकीचे निवडले गेले. सहाव्या पानावर जीएसटी क्रमांक नाकारला. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो ना! 'मागे' असे बटणच नाही. पत्ता, बँक, परवाना, सगळे पुन्हा पहिल्यापासून. घोळ कोणी घातला?

पिकांची नोंद करण्याच्या ई-पीक पाहणी ॲपचा दाखलाही लेखकाने अर्धाच दिला. 2021 साली ते ॲप राज्यभर आले. पुढच्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत नोंदीनंतर 48 तासांत एकदा दुरुस्तीची मुभा मिळाली. म्हणजे शासनालाही परतीची वाट ठेवावीच लागली.

एवढे मान्य, की खातेदार निवडल्याशिवाय गट क्रमांक विचारण्यात अर्थ नाही. मग कुलूप पुढच्या पायरीला घाला. आणि एकूण पाने किती, ते पहिल्याच पानावर सांगा. समोर गिऱ्हाईक ताटकळलेले असते.

– एक खतविक्रेता, बेंबळी (जि. धाराशिव)