जमाखर्च : स्वस्त बंदूक की महाग बंदूक?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर आपल्या वस्त्यांमधून एक नवाच प्रश्न आमच्याकडे येऊ लागला आहे. मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवायची आहे, तर बंदूक कोणती घ्यावी? त्या ऑलिंपिकमध्ये भारताने नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळविली. त्यातले एक कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे. शिक्षकाचा मुलगा, त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस! ते पदक पाहून कामगारांच्या घरांतही आशा जागी झाली, यात नवल नाही.

कारखान्यात काम करणाऱ्या एका बांधवांचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. आठ महिन्यांपासून क्लबात जाऊन छऱ्याच्या बंदुकीवर दहा मीटरचा सराव करते. परदेशी बंदूक तीन लाखांना पडते असे त्यांना सांगण्यात आले आहे. देशी बंदूक पन्नास हजारांच्या आसपास. बांधवांच्या मनात पतपेढीचे कर्ज काढून परदेशीच घ्यावी असे आहे. मुलीच्या आईचा विरोध आहे. थोरल्या मुलाच्या डिप्लोमाची फी कोठून भरायची, हा त्यांचा सवाल. "आमच्या दोघांत कोण बरोबर ते तुम्हीच सांगा," असे बांधव लिहितात.

आधी एका शंकेचे निरसन करू. आपल्यातील काही वडीलधारी माणसे विचारतात, पंचशील घेणाऱ्या घरात बंदूक कशाला? शंका योग्य आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार मांडताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर नेम धरण्यात मारण्याची गरजही नाही आणि इच्छाही नाही. श्वासावर लक्ष, शरीर स्थिर आणि चित्त एका ठिपक्यावर, असा हा खेळ आहे. हीच बंदूक घेऊन पोरे चिमण्या-पारवे मारू लागली, तर मात्र तो शीलभंग होय. तेथे आईबापांनी बंदूक काढून घ्यावी.

दुसरे असे की, शस्त्र हाती धरण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले आणि त्यामुळेच या देशात सामाजिक क्रांती होऊ शकली नाही, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या पुस्तकात मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आज आपली लेक रेंजवर ताठ उभी राहून नेम धरते, तेव्हा त्या अर्जांनाच उत्तर मिळते, असे आम्हांला वाटते. म्हणूनच हा प्रश्न नुसता हौसेचा म्हणून आम्ही बाजूला सारत नाही. पण ज्याचे मोल मोठे, त्याचा हिशेबही चोख हवा.

आता बंदुकीकडे वळू. छऱ्याच्या बंदुका साधारण दोन तऱ्हांच्या. पहिली स्प्रिंगची. नळी किंवा दांडा ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि हवेच्या दाबाने छर्रा बाहेर पडतो. ही सर्वांत स्वस्त. पण दट्ट्या धावताना सबंध बंदुकीला हिसका बसतो आणि छर्रा तर अजून नळीतच असतो. त्यामुळे पकड जराशी बदलली की नेम बदलतो.

दुसरी तऱ्हा भरलेल्या हवेची. तिला बाजारात पीसीपी म्हणतात. नळीखाली एक नळकांडे असते, त्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, म्हणजे हा दाब जवळजवळ शंभर पट झाला. चाप ओढला की मोजून थोडी हवा सुटते. हिसका जवळजवळ नाहीच. आजकाल दहा मीटरच्या मोठ्या स्पर्धांत हीच बंदूक वापरतात. देशी पन्नास हजारांची आणि जर्मन बनावटीची तीन लाखांची, दोन्ही याच तऱ्हेच्या. मग अडीच लाखांचा फरक कशाचा?

फरक आहे, तो आम्ही नाकारत नाही. महाग बंदुकीचा चाप अगदी हलका व दर वेळी एकसारखा सुटतो. नळी अधिक काटेकोर असते. डोळ्याजवळची भोकाची साइट बारीक टिचक्यांनी सरकते आणि सरकवली तेवढीच सरकते. दस्ता बहुधा अॅल्युमिनियमचा; गालाची पट्टी, खांद्याची पट्टी, पकड, सगळे अंगाप्रमाणे पुढे-मागे, वर-खाली करता येते. सुटे भागही वर्षानुवर्षे मिळतात.

पण या फरकाचे गुण किती होतात? पाटी-पेन्सिल घेऊन पाहू. दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा, पाचच्या आत असला की नऊ, साडेसातच्या आत असला की आठ.

समजा, एखादी साधी बंदूक शिकंज्यात घट्ट बांधूनही बारा मिलिमीटरच्या घेरात छर्रे टाकते. मध्यापासून सहा मिलिमीटरपर्यंत ती स्वतःच चुकते. म्हणजे मुलीने नेम अगदी अचूक धरला तरी काही गोळ्यांना आठच मिळणार! चांगल्या बंदुकीचे पाच छर्रे मात्र एकाच भोकात गेल्यासारखे दिसतात.

यावरून महागच बंदूक हवी, असे कोणी म्हणेल. थांबा. नवशिक्या मुलीचा हात आधी पाहा. आठ महिन्यांच्या सरावात तिचे छर्रे वीस-पंचवीस मिलिमीटरच्या घेरात पडत असतील, तर तो घेर हाताचा, श्वासाचा, उभे राहण्याचा आहे. तीन लाखांची बंदूक तो घेर आवळत नाही, ते काम सरावच करतो. तिची सरासरी नवाच्या वर जाऊ लागली, की मग बंदुकीच्या एकेका मिलिमीटरला किंमत येते.

मग स्प्रिंगचीच घेऊन भागवावे का? तेही आम्ही सांगत नाही. गोळी चुकली तर चूक मुलीची की बंदुकीची, हे कळले पाहिजे. ज्या बंदुकीत ते कळत नाही, तिच्यावर मूल वर्षभर राबते आणि शेवटी स्वतःलाच दोष देते. आपल्या मुलांना असा दोष स्वतःकडे घ्यायची सवय लवकर लागते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. म्हणून बंदूक दिखाऊ नसली तरी चालेल, पण खोटे बोलणारी नको. बरी देशी पीसीपी, भोकाची साइट असलेली, दस्ता कमी-जास्त होणारी, ही या वयाला पुरते. घेण्याआधी तिच्यावर, जो छर्रा नेहमी वापरणार तोच घालून, टेकू देऊन पाच-पाच गोळ्यांचे तीन-चार कागद मारून पाहावेत. घेर फुटपट्टीने मोजावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो कागद खरा.

आता जमाखर्च. वाणिज्य शाखेत आम्हांला पहिला धडा मिळाला तो भांडवली खर्च व महसुली खर्च यांतल्या फरकाचा. बंदूक हा एकदाचा खर्च, छर्रे हा रोजचा. पुष्कळ घरे पहिल्यात सगळी पुंजी घालतात आणि दुसऱ्यात उपाशी राहतात.

तीन लाखांचे कर्ज दरसाल १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर दरमहा हप्ता सुमारे ९,९६४ रुपये पडतो. तीन वर्षांत सुमारे ३,५८,७०० रुपये फेडावे लागतात. नुसते व्याजच ५८,७०० रुपये. म्हणजे देशी बंदुकीची किंमत व्याजातच गेली!

छऱ्यांचे पाहू. दिवसाला ६० गोळ्या, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला ३०० आणि वर्षाला १५,६००. पाचशेच्या डब्यांत मोजले तर ३१ डबे. चांगल्या परदेशी छऱ्यांचा डबा हजार रुपये धरला तर वर्षाला ३१ हजार. सरावाला स्वस्त देशी छर्रा व स्पर्धेला चांगला, असे केले तर खर्च बराच उतरतो. वरच्या व्याजाच्या पैशांत ५८ डबे, म्हणजे २९ हजार गोळ्या येतात. मुलीचा हात बसायचा तो या गोळ्यांनी बसेल. शिवाय जाड जॅकेट, पँट, हातमोजा, बूट, क्लबाची फी, रेंजपर्यंतचे बसभाडे. जॅकेट तर अंगाबरोबरच मापाचे लागते. वाढत्या अंगाच्या मुलीला दोन वर्षांत ते बदलावे लागेल. हे सगळे हप्ता फेडून कोठून आणणार?

तेव्हा बांधवांना आमचे उत्तर असे. हिशेबाच्या बाजूने मुलीची आई बरोबर आहे. तीन लाखांचे कर्ज काढू नका. थोरल्याच्या फीला हात लावू नका. पण मुलीचा खेळही बंद करू नका; त्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. क्लबाची बंदूक मिळते तोवर तीच वापरू द्या. जमेल तेव्हा देशी पीसीपी घ्या. राज्य पातळीवर तिचे गुण टिकू लागले, तर जुनी परदेशी बंदूक पाहा. चांगली निगा राखलेली बंदूक वीस-वीस वर्षे चालते, वॉशर तेवढे बदलावे लागतात. मात्र जुनी घेताना हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन तर त्यात कधीही भरू नका. स्फोट होऊन जीव जाईल. कोरडी स्वच्छ हवाच भरावी.

साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलपर्यंत जोर असलेल्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. तरी दुकानदार ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा घेतो, तो द्यावा आणि पावती जपून ठेवावी. घरात बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो, हे लहान भावंडांनाही सांगून ठेवा.

आणखी दोन वाटा सुचवितो. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर मुलांना त्यात घाला. तेथे पॉइंट २२ च्या रायफलीवर सरकारी खर्चाने नेमबाजी शिकायला मिळते. सरकारची क्रीडा प्रबोधिनीही आहे. स्वप्नील कुसाळे तिच्यातूनच पुढे आला.

दुसरी वाट आपली स्वतःची. दर १४ एप्रिलला आपण वर्गणी काढतो. त्यातली किती डीजेच्या भिंतीत जाते, हे प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला ठाऊक आहे. तीन-चार मंडळांनी मिळून एक देशी पीसीपी बंदूक घेतली, तर दस्ता कमी-जास्त करून पाच मुले तिच्यावर सराव करू शकतील. बंदूक क्लबाच्या कपाटात राहील, वहीत नोंद होईल, हिशेब दरमहा विहाराच्या फळ्यावर लागेल. एका घराच्या डोक्यावर कर्ज नको आणि एका मुलीची संधीही बुडायला नको, याला आम्हांला तरी दुसरा उपाय दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक जिंकले. श्रीमंत घरचा मुलगा, घरीच रेंज, उत्तमातली उत्तम बंदूक. तरी अंतिम फेरीच्या तोंडावर त्याच्या बंदुकीची साइट हललेली निघाली. ती त्याने न डगमगता जुळवून घेतली आणि शेवटची गोळी १०.८ गुणांची मारली. महाग बंदूकही ऐन वेळी बिघडू शकते. त्या वेळी उपयोगी पडते ते वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले शांत डोके. ते डोके घडविण्यासाठी मुलीला छर्रे, वेळ, पोटभर जेवण आणि भांडण नसलेले घर द्या.

जयभीम!