खाऱ्या पाण्यातले शेवाळ आणि घरचा हिशोब

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी घरे आपल्याकडे मोजकीच. पण जी आहेत त्यांची तक्रार एकच असते. काच पुसली की चार दिवसांत पुन्हा हिरवी, दगडांवर केसांसारखे शेवाळ, आणि दुकानदार दर वेळी नवी बाटली हातात ठेवतो. एका पालकांनी मला विचारले, "सर, टाकी विकून टाकू का? मुले रडतील, पण आता खर्च झेपत नाही." टाकी विकायची गरज नाही आणि बाटली घ्यायचीही नाही. आधी हिशोब मांडू या.

माशांना घातलेले खाणे आणि त्यांची विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी जहर. दगडांवर आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण इथून पुढची वाट अरुंद आहे. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे काही जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. ते काम संथ चालते. बाकीचे पाण्यातच साठते. प्रवाळांच्या समुद्रात ते लिटरला एक मिलिग्रॅमही नसते, घरच्या टाकीत मात्र ५० सहज होते. क्लाउनफिशसारखा मासा ४० पर्यंत निभावून नेतो. प्रवाळ ठेवले असतील तर २ ते १० च्या दरम्यान असावे.

आता एक फसवी गोष्ट. टाकी शेवाळाने गच्च, आणि टेस्ट किट दाखवते शून्य! लोक म्हणतात, किट खराब. किट बहुधा बरोबरच असते. तयार होणारे नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळच खाऊन टाकते. किटला दिसते ती फक्त शिल्लक. पगार हातात आल्या आल्या खर्च होणाऱ्याच्या पासबुकात काही दिसत नाही, म्हणून त्याला पगारच नाही असे होत नाही. म्हणून किटच्या आकड्याइतकेच दगडांकडेही पाहा. (काही किट "नायट्रेट-नायट्रोजन" मोजतात, तो आकडा ४.४ ने गुणला की नायट्रेट मिळते.)

शेवाळ मारणाऱ्या औषधाबद्दल मी कडक आहे ते याच कारणाने. शेवाळ एकदम मेले की ते कुजते, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. शिवाय त्याने खाल्लेले सगळे पुन्हा पाण्यात येते. बेजुबान जिवाचा असा हाल करण्यापेक्षा बाही वर करून हाताने शेवाळ उपटावे. मूठभर बाहेर काढले म्हणजे तेवढे नायट्रेट आणि फॉस्फेट घराबाहेर गेले.

आत येणाऱ्याचे पाहू. एकत्र कुटुंबात मासे उपाशी राहत नाहीत. सकाळी दादी चिमूटभर टाकतात, शाळेतून आल्यावर मुले, रात्री अब्बा, आणि पाहुणा आला की त्याचीही हौस. एकाच माणसाकडे हे काम द्या. दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत फस्त करतील एवढेच. गोठवलेले खाणे वितळवून गाळणीत धुऊन घ्या. ते पाणी टाकीत ओतू नका, त्यात फॉस्फेट असते.

दुसरी वाट नळाची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्याला चालणारे पाणीही टाकीत रोज थोडी भर घालू शकते. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नळाचे ओतत राहिलात तर ही भर साठतच जाते, कारण वाफ फक्त पाण्याची होते. आरओचे पाणी वापरा, पण आधी टीडीएस मीटरने तपासा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळलेले असते.

पाणी बदलण्याचे गणित आठवीतल्या मुलालाही घालता येईल. दर आठवड्याला पाचवा हिस्सा बदलला तर ५० चे ४०, मग ३२, २५.६, २०.५, आणि पाचव्या आठवड्यात १६.४. पण हे नवीन भर शून्य धरून. आठवड्याला ५ ची भर पडत असेल, तर पाणी बदलण्याआधीचा आकडा कधीच २५ च्या खाली जाणार नाही, कितीही वर्षे बदला. भर ५ वरून २ वर आणली, तर तोच आकडा १० पर्यंत उतरतो. मिठाची पोती आणण्याआधी खाण्याचा डबा आवरा, तो याचसाठी. नवे पाणी तापमान आणि खारटपणा जुळवूनच घाला. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. घाईने निम्मी टाकी रिकामी करू नये, माशांना धक्का बसतो.

यंत्रांपैकी पैसे घालायचे तर स्किमरमध्ये. तो बारीक बुडबुड्यांवर घाण चिकटवून, ती कुजण्याआधीच बाहेर काढतो. शौकीन लोक जिवाणूंना कर्बाचा खुराक म्हणून व्होडकाचे थेंब घालतात, असे कुठे वाचाल तर दचकू नका. आपल्या घरात ती आणायची गरजच नाही. साधा पांढरा सिरका तेच काम करतो. जिवाणू वाढताना नायट्रेट शोषतात आणि स्किमर त्यांना काढतो. मात्र स्किमर नसेल तर हा उपाय करू नये, आणि असेल तरी सुरुवात १०० लिटरमागे दिवसाला एक मिलिलिटरच्या आतच करावी. जास्त झाला तर पाणी दुधाळ होते आणि ऑक्सिजन घटतो.

वाळूवर लालसर, बुळबुळीत थर आला तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. तो नळीने ओढून काढा, पंपाचा प्रवाह त्या कोपऱ्याकडे वळवा. नव्या टाकीतला तपकिरी थर मात्र पुसून सोडून द्या. काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप ओसरतो.