पाटी कुठे लावणार?

एखादी भयानक बातमी आली की आपल्याकडे घोषणा ठरलेल्या. पहिली, फाशी द्या. दुसरी हल्ली कानावर येते, अमेरिकेसारखा कायदा करा. बलात्कारी सुटून आला की त्याचं नाव यादीत टाका, बागेत, मैदानात, शाळेच्या आसपास त्याला फिरकू देऊ नका. आपली पोरंही टपरीवर हेच बोलतात. राग खरा आहे, रागाला आमची ना नाही. पण दोस्तांनो, बंदीची पाटी लावायची ती बाग नगर जिल्ह्यातल्या आपल्या वस्तीत आहे कुठं?

अमेरिकेचंच ऐका. कॅलिफोर्नियात २००६ साली लोकांनी मतदानानं कायदा केला. असल्या गुन्हेगारानं शाळा आणि बागेपासून २००० फुटांच्या आत राहायचं नाही. सॅन डिएगोत त्यांना घरं मिळेनात, माणसं रस्त्यावर आली, पोलिसांना नजर ठेवणंच अवघड झालं. शेवटी २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या भागातली ही सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडेही २०१८ पासून केंद्र सरकारची यादी आहे. ती पोलिसांपुरती.

सरकारचेच आकडे दरवर्षी सांगतात, बलात्काराच्या शंभर गुन्ह्यांतले नव्वदहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. बागेतला अनोळखी माणूस नव्हे. नातेवाईक, शेजारी, मालक. आपली बाई बागेत जाते कधी? ती जाते पाण्याला, उसाच्या फडात, अंधारात परसाकडे. फडावर मुकादमाची उचल डोक्यावर असते, म्हणून तोंड बंद. तिथं कुठली पाटी लावणार?

आणि पाट्या आम्हाला नव्या नाहीत. पाणवठ्यावर आमच्या बापजाद्यांना बंदी होती, ती मोडायला १९२७ साली महाडला जावं लागलं. १८७१ च्या कायद्यानं तर जमातीच्या जमाती यादीत घातल्या. पोर जन्मलं की गुन्हेगार! १९५२ साली कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस अजून आधी पारध्याच्या पालावर जातात. यादी कागदावरून गेली, डोक्यातून नाही.

यादीत नाव येतं ते शिक्षा झालेल्याचं. मग शिक्षा कुणाला होते ते बघा. नोव्हेंबर २०१७, नगरचंच न्यायालय. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशी. त्याच महिन्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या दलित शाळकरी पोराच्या खुनातले आरोपी निर्दोष. साक्षीदार फिरले. गावात राहायचं तर धनदांडग्यांविरुद्ध बोलणार कोण? सोनईच्या तिहेरी खुनात २०१८ साली शिक्षा झाली, पण खटला नाशिकला हलवावा लागला.

कोपर्डीतले दोषी आपल्या समाजातले होते. लपवायचं काय? त्या पोरीवरचा अत्याचार हा अत्याचारच. जात बघून बलात्काऱ्याला पाठीशी घालणारा बाबासाहेबांचं नाव घ्यायच्या लायकीचा नाही. पण तिघांच्या गुन्ह्यापायी सगळी वस्ती संशयित ठरली, आणि मोर्च्यांतून मागणी आली ती अ‍ॅट्रॉसिटी कायदा रद्द करण्याची. त्या कायद्याचा कोपर्डीशी संबंध काय? काही नाही. संधी साधली, एवढंच.

आता त्याच कायद्यातलं कलम १० वाचा. अत्याचाराचा धोका असलेला म्हणून निश्चित केलेल्या भागातून, असा गुन्हा करण्याची शक्यता असलेल्या माणसाला विशेष न्यायालय हद्दपार करू शकतं. २०१५ च्या दुरुस्तीनं मुदत तीन वर्षांपर्यंत नेली. ही बंदी जमातीवर नाही, एका माणसावर, नावानिशी. न्यायालयाच्या हुकमानं, आणि त्याला दाद मागायची सोय ठेवून. पाटीच लावायची तर ही लावा!

म्हणून आमच्या मागण्या साध्या. कलेक्टर कचेरीत जाऊन लेखी विचारा, कलम १० खाली जिल्ह्यातून आजवर किती जण हद्दपार केले? फडावर बायांसाठी संडास आणि दिवे कारखान्यानं द्यावेत. साक्षीदाराला संरक्षण द्यावं, नाहीतर खटला जिल्ह्याबाहेर चालवावा.

आणि एक काम आपलं. आपल्या वस्तीतली पोरगी तक्रार घेऊन आली, तर आरोपीची जात विचारायच्या आधी तिच्यासोबत ठाण्यावर जा. तो आपला सख्खा भाऊ असला तरी.

जय भीम!