भिंतवाद्यांशी वाद

कृष्णा-पंचगंगेला मोठा पूर येऊन गेला की एक मागणी हटकून पुढे येते : नदीकाठाने उंच भिंत बांधा. 2005 नंतर आली, 2019 नंतर आली, 2021 नंतर पुन्हा आली. ज्याच्या दुकानात छतापर्यंत पाणी चढलं त्याने ही मागणी केली, तर त्याला दोष देता येत नाही. त्याला नदीशास्त्र ऐकवणं उद्धटपणाचंच ठरेल. वाद घालायचा तो त्याच्या हातात हे औषध ठेवणाऱ्या तज्ज्ञांशी, कंत्राटदारांशी आणि पुढाऱ्यांशी.

त्यांचा युक्तिवाद असा : पाणी पात्राबाहेर येतं म्हणून नुकसान होतं, तेव्हा काठ उंच करा, पाणी बाहेर येणार नाही. ऐकायला बिनतोड आहे. पण अडवलेलं पाणी जातं कुठे, हे त्यात सांगितलेलंच नाही. पसरायची जागा काढून घेतली की तेवढंच पाणी अरुंद वाटेतून जायला बघतं आणि उंच चढतं. सांगलीच्या अंगाला भिंत घातली, तर समोरच्या सांगलवाडीने काय करायचं? तिनेही भिंत घालायची? घातली, तर फुगवटा वर भिलवडीकडे सरकणार. मग भिलवडीलाही भिंत. प्रत्येक गावाने आपला पूर शेजाऱ्याच्या दारात लोटायचा, याला पूरनियंत्रण म्हणतात!

यावर कुणी म्हणेल, हे सगळे कागदावरचे तर्क. पण बिहारने हा प्रयोग सत्तर वर्षं केला आहे. 1937 साली पाटण्यात पूरपरिषद भरली, तेव्हा तिथले मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनीच तटबंधांविरुद्ध इशारा दिला होता. स्वातंत्र्यानंतर तो बाजूला पडला. 1954 मध्ये नेपाळशी कोसी करार झाला आणि नदीला दोन्ही बाजूंनी बांध घालायला सुरुवात झाली. त्या सुमारास बिहारमध्ये सर्व नद्यांचे मिळून तटबंध जेमतेम 160 किलोमीटर होते. पुढे ते साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात गेले. आणि पूरप्रवण क्षेत्र? 25 लाख हेक्टरवरून जवळपास 69 लाख हेक्टरवर. ही सगळी वाढ तटबंधांनीच केली असं नाही. पण ज्या उपायाने पूर आटोक्यात यायचा होता, तो वाढत असताना पूरही वाढत गेला, याचा जाब भिंतवाद्यांनी द्यायचा आहे.

कारणं गूढ नाहीत. कोसी हिमालयातून अफाट गाळ आणते. पूर्वी तो शेतात पसरायचा. आता दोन बांधांमध्येच साठतो आणि पात्र वर उचलत राहतो. बाहेरच्या ओढ्यांना नदीत शिरायला वाट उरत नाही, म्हणून बांधाच्या ‘सुरक्षित’ बाजूला शेतं महिनोन्‌महिने पाण्यात कुजतात. बांधांच्या आत अडकलेल्या शेकडो गावांचं तर विचारूच नका. त्यांच्या वाट्याला दर पावसाळ्यात सगळी नदी येते. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळातल्या कुसहा इथे पूर्वेकडचा बांध फुटला, तेव्हा नदीतून दीड लाख क्युसेकच्या आत पाणी वाहत होतं. बांध होता 9 लाखांहून जास्त क्युसेकसाठी. पिढ्यानपिढ्या पूर न पाहिलेल्या सुपौल-मधेपुऱ्याच्या गावांवर नदी चालून गेली.

‘तो देखभालीचा दोष होता,’ असं उत्तर येतं. होता, मान्य. पण ज्या रचनेची सुरक्षितता वर्षानुवर्षं बिनचूक देखभालीवर उभी आहे, ती आपल्या पाटबंधारे खात्यांच्या हाती देताना हा दोष गृहीतच धरायला नको का?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कृष्णा म्हणजे कोसी नव्हे. सह्याद्रीच्या नद्या तेवढा गाळ आणत नाहीत. हे खरं आहे, म्हणून गाळाचा मुद्दा इथे मी सोडून देतो. नाल्यांचं काय ते सांगा. सांगलीत पुराचं पाणी काठ ओलांडण्याआधी शेरीनाल्यासारख्या वाटांनी उलटं शहरात शिरतं. भिंत बांधली की या तोंडांना दारं बसवावी लागतील. नदी चढल्यावर दारं बंद करायची, तर शहरात पडणारा पाऊस आतच तुंबणार. तो उपसायला पंप हवेत, पंपांना वीज हवी, आणि पुरात पहिली जाते ती वीज. शिवाय भिंत उभी राहिली की तिच्याआडच्या जमिनीचा भाव चढतो, प्लॉट पडतात, तळघरं खोदली जातात. पुढे एखाद्या वर्षी पाणी भिंतीवरून आलंच, तर बुडायला आधीपेक्षा कितीतरी जास्त मालमत्ता तयार असते.

नेदरलँड्सचा दाखला देणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. 1995 च्या पुरात तिथे अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्या देशाने ‘नदीला जागा’ हा कार्यक्रम हाती घेतला. नायमेगेनजवळ बांध सुमारे 350 मीटर मागे घेतला, पन्नासेक घरं उठवली आणि नदीला जादा पात्र खोदून दिलं.

मग करायचं काय? पहिलं काम फुकटातलं आहे, आणि म्हणूनच ते होत नाही : पूररेषा पाळणं. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा सरकारनेच आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आतला एकेक भराव उचलला, तर पाण्याला परत मिळणारी जागा कुठल्याही भिंतीपेक्षा कामाची. रस्त्यांचे भराव हा दुसरा बांधच. शिरोलीजवळ महामार्गाखाली पाणी जायला प्रशस्त कमानी हव्यात, ही कोल्हापूरकरांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. धरणांचे विसर्ग कोयनेपासून अलमट्टीपर्यंत दोन्ही राज्यांनी एका वेळापत्रकाने सोडावेत.

आणि भिंत कुठेच नको असं मी म्हणत नाही. 2019 मध्ये कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि महापुरात वेढलेल्या शहराला प्यायला पाणी उरलं नाही. अशी केंद्रं, वीज उपकेंद्रं, रुग्णालयं यांच्याभोवती खुशाल भिंत घाला, नाहीतर यंत्रं वरच्या मजल्यावर न्या. त्याने नदीची जागा फारशी घटत नाही. शहराच्या लांबीची भिंत मागणाऱ्याने मात्र अंदाजपत्रकासोबत एक नकाशाही जोडावा : या भिंतीने हटवलेलं पाणी कुठल्या गावात किती फूट चढेल, आणि त्या गावाला भरपाई कोण देणार.