टक्!

मुलांनो, मागच्या खेपेला सायकलची चेन झाली. आज मोटार. आमच्याच घरची, १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी.

वर्ध्याला मोटारीची एक जुनी गंमत सांगतात. जमनालालजी बजाज यांच्याकडच्या फोर्ड मोटारीला चक्क बैल जुंपलेले असायचे, म्हणून तिचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’! आमच्या दारात मात्र बैलही नव्हते. आईला डोळे दाखवायला सेवाग्रामला न्यायचं होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. मी किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. टक्! दहा मिनिटांनी आई उतरली आणि म्हणाली, “ऑटो बोलाव.” रागावली असती तर बरं झालं असतं.

चूक गाडीची नव्हती. वडील होते तोवर दर रविवारी बॉनेट उघडायचे. ते गेल्यावर तीन वर्षं आम्ही नुसतं पेट्रोल भरलं, आणि यंदा पावसाळाभर तर गाडी उभीच होती.

रविवारी मिस्त्रीकाका आले. म्हणाले, “किल्ली नका फिरवू भाऊ. गाडी बोलून राहिली न, आधी ऐका तर!”

नुसतं ‘टक्’ झालं तर आधी बॅटरीकडे बघायचं. आमच्या कन्येनं, ती आठवीत आहे, लगेच विचारलं, “पण काका, दिवा तर लागतो!” प्रश्न बरोबर होता. हेडलाइटच्या एका दिव्याला पाचेक अँपिअर वीज पुरते, स्टार्टरला शंभराच्याही वर लागते. काकांनी दिवे लावून किल्ली फिरवायला सांगितली, तर दिवे एकदम मिणमिणले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर साचला होता. ती बुरशी नव्हे. आम्ल आणि धातू मिळून झालेले क्षार. त्यातून एवढी वीज जाणार कशी? काकांनी हातमोजे चढवले, आधी उणे टोक सोडवलं, मग अधिक. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओतला, तशी फसफस झाली. पुसून वर व्हॅसलिन लावलं. जोडताना उलट, उणे टोक शेवटी. आतलं पाणीही आटलं होतं. तिथं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही, त्यातले क्षार बॅटरी खराब करतात. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून काकांनी स्वतःची विडीसुद्धा लांब जाऊन विझवली. (हे काम मोठ्यांनीच करायचं. तुम्ही बॅटरी धरा, म्हणजे टॉर्च!)

दुसऱ्या दिवशी इंजिन घर्र घर्र छान फिरलं, पण पकडेना. म्हणजे आता वीज नाही, पेट्रोल नाही तर ठिणगी. महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलमधला लवकर पेटणारा भाग उडून जातो, मागे चिकटा राहतो. ते काढून ताजं भरलं. चारही प्लग काजळीनं काळे. तारेच्या ब्रशनं घासले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, आणि त्यात कन्येची हरवलेली रिबीन! ऑइल डांबरासारखं झालेलं, तेही बदललं. ब्रेक तपासल्याशिवाय मात्र काकांनी गाडी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही. “चालू न झाली तं घरी राहाल. न थांबली तं?”

हे सगळं कन्येनं आजोबांच्या वहीत तारखेनिशी लिहिलं, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून.

पुढच्या तपासणीला आई गाडीनंच गेली. परतताना कन्येला डिकीत एक विटकं फडकं सापडलं. हे कशाला? आईनं सांगितलं, मे महिन्यात हिंगणघाटच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, की आजोबा ते ओलं करून पेट्रोलच्या पंपावर ठेवायचे. उन्हानं आणि इंजिनच्या तापानं नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही. ओल्या फडक्यानं पंप गार झाला की गाडी चालू!

कन्या ते फडकं टाकायला निघाली होती. आई म्हणाली, “धुऊन ठेव. मे यायचाच आहे.”