मुदत हवीच, पण मोजायची कशी?

इल्मवर तकरीर करणारे आपल्याला नेहमी सांगतात की, पाळण्यापासून कबरीपर्यंत शिकत राहावं. हे वाक्य हदीस म्हणून सांगितलं जातं. मुहद्दिसीन ते हदीस म्हणून प्रमाण मानत नाहीत, पण त्यातला अर्थ कुणाला अमान्य नसावा. अडचण एवढीच की, माणूस कबरीपर्यंत शिकू शकतो, पदवी तोवर थांबत नाही. पदवीला मुदत असते. आणि ती किती असते, हे आपल्या घरांमध्ये फार थोड्यांना माहीत असतं.

म्हणून आधी नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. पुढे पुन्हा नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षं देता येतात, पण एकूण १० वर्षांच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. बी.एड. आणि एम.एड. हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार ते जास्तीत जास्त ३ वर्षांत पूर्ण करावे लागतात. या सगळ्या मुदती प्रवेशाच्या तारखेपासून मोजल्या जातात.

मुदत नसावी असं माझं म्हणणं नाही. मी शिक्षक आहे. "सवडीनं आणा" असं सांगितलेला गृहपाठ कधीच येत नाही, हे रोज पाहतो. संशोधनाचा विषय जुना होतो, मार्गदर्शकाकडच्या जागा अडून राहतात, नवे विद्यार्थी बाहेर ताटकळतात. मुदत नसेल तर "करू कधीतरी" म्हणत माणूस स्वतःलाच फसवतो. प्रश्न आहे तो ही मुदत मोजण्याच्या पद्धतीचा.

माझी एक माजी विद्यार्थिनी आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, मग मराठीत एम.ए. केलं, सेट झाली आणि पीएच.डी.ला नोंदणी केली. घराण्यातली पहिलीच. दुसऱ्या वर्षी निकाह झाला आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मूल झालं. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांचं सगळं हिनंच केलं. मधल्या काळात मार्गदर्शक निवृत्त झाले आणि विद्यापीठानं नवा मार्गदर्शक द्यायला जवळपास दीड वर्ष लावलं. शेवटी ६ वर्षं संपत आल्याचं पत्र आलं. घरचे म्हणाले, "आता सोडून दे, नशिबात नव्हतं."

यात नशिबाचा भाग किती? दीड वर्ष तर विद्यापीठाच्या टेबलावर गेलं, आणि तेही तिच्याच नावावर मोजलं गेलं. लग्नामुळे किंवा अन्य कारणानं दुसऱ्या गावी गेलेल्या संशोधक विद्यार्थिनीला आपलं संशोधन तिथल्या संस्थेत नेता येतं, अशी तरतूद नियमात आहे. ते तिला कुणी सांगितलंच नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, हीही चांगली गोष्ट. पण शेवटची हद्द प्रवेशाच्या तारखेपासूनच धरली जाते. म्हणजे रजा मिळाली तरी घड्याळ चालूच.

दुसरी गोष्ट अर्धवेळ संशोधकांची. दिवसभर शाळेत सहा-सात तास उभं राहून शिकवणारा, मग पेपर तपासणारा, मधेच निवडणुकीच्या ड्यूटीवर जाणारा शिक्षक अर्धवेळ पीएच.डी. करतो. त्यालाही तीच ६ वर्षं आणि फेलोशिप घेऊन पूर्णवेळ ग्रंथालयात बसणाऱ्यालाही तीच. आपल्या समाजात फेलोशिपचा आधारही कमी झाला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. तिच्या भरवशावर पूर्णवेळ संशोधन करू शकला असता, तो मुलगा आता दिवसा नोकरी करतो आणि रात्री प्रबंध लिहितो. पैसा गेला, मुदत तेवढीच राहिली.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात वीस वर्षांवरच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्क्यांहूनही कमी असल्याचं नोंदवलं आहे. ज्या समाजातून मोजकेच वरपर्यंत पोहोचतात, तिथं शेवटच्या पायरीवरून एक जण परतला तरी नुकसान एका घरापुरतं राहत नाही.

आपल्याकडे मुदतीचं उत्तम उदाहरण रमजानच्या रोज्यांचं आहे. महिना ठरलेला, सहरी आणि इफ्तारची वेळ मिनिटामिनिटानं ठरलेली. इतकी काटेकोर मुदत दुसरी कुठली? तरीही आजारी आणि मुसाफिर यांना कुरआननं सूट दिली आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करायचे. फर्ज माफ होत नाही, रोज्यांची संख्याही कमी होत नाही, फक्त अडचणीचे दिवस हिशोबातून बाजूला ठेवले जातात. शिस्त आणि सवलत एकत्र नांदू शकतात, हे आपण दरवर्षी जगतो. विद्यापीठाला हे अशक्य का वाटावं?

माझ्या मते तीन बदल व्हायला हवेत. आजारपण, बाळंतपण, घरातल्या रुग्णाची सेवा यांची कागदपत्रं दिल्यावर तेवढा काळ मुदतीतून वगळावा. मुलग्यांनाही, कारण आजारी बाप त्यांच्याही घरात असतो. मार्गदर्शक मिळेपर्यंतचा किंवा फाइल कार्यालयात पडून असलेला काळ विद्यार्थ्याच्या खात्यात मोजू नये. आणि अर्धवेळ संशोधकाची मुदत वेगळी असावी. प्रबंध सादर झाल्यावर ६ महिन्यांत मूल्यमापन आणि मौखिक परीक्षा उरकावी असं नियम विद्यापीठालाही सांगतो. विद्यार्थ्याची मुदत उलटली तर नोंदणी जाते. विद्यापीठाची उलटली तर जबाबदारी कुणाची, हेही ठरायला हवं.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात काय आहे? नोंदणीचं पत्र आलं की त्यावरची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. शेवटची तारीख काढा. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्या आणि पोचपावती जपून ठेवा. मार्गदर्शक निवृत्तीला किती वर्षं आहेत, हे आधीच विचारा. विचारण्यात बेअदबी नाही.

मुलीचं स्थळ ठरवताना मेहर, दागिने, हॉलचं भाडं यावर तासन् तास बोलणं होतं. त्याच बैठकीत मुलीच्या वालिदांनी सांगावं की, "हिचा प्रबंध अमुक वर्षाच्या अमुक महिन्यात द्यायचा आहे, तोवर हिला रोज इतका वेळ लागेल." "निकाहनंतर शिकू देऊ" या वायद्याला काही अर्थ नसतो. तारीख सांगितली की वायदा मोजता येतो, आणि नाही पाळला तर विचारताही येतो. नियमानं दिलेली मुदत अशा वेळी मुलीच्याच कामी येते. तिनं ती निःसंकोच पुढे करावी.