नव्वद दिवसांची नोटीस आणि आपले अकरा महिने

१/ मुंबईतल्या पागडीच्या घरांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘भाडे थकवणाऱ्यांना कायद्याने डोक्यावर बसवून ठेवले आहे.’ मित्रहो, हा आरोप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ आरंभ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून करू. हा कायदा ब्रिटिशांचा. भाडेकरूंचा कळवळा हे काही त्याचे मूळ नव्हे. तरीही त्याच्या कलम ११४ नुसार, भाडे थकल्यामुळे पट्टा रद्द झाला आणि दावा उभा राहिला, तरी सुनावणीच्या वेळी भाडेकरूने थकबाकी, व्याज व खर्च चुकता केल्यास न्यायालय त्याचे घर वाचवू शकते. उशीर हा पैशाने भरून निघणारा दोष आहे, हे तत्त्व इतके जुने आहे.

३/ पहिल्या महायुद्धात मुंबईतील भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. त्याचे कलम १२ सांगते : भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे, तोवर घरमालकास ताबा मागता येणार नाही. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस आणि एक महिन्याची मुदत बंधनकारक होती.

४/ ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ नुसार ही मुदत ९० दिवसांची आहे. त्यानंतर दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत थकबाकी, त्यावर द.सा. १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरून, पुढेही नियमित भाडे देत राहणाऱ्याचे घर वाचते.

५/ आता सांगा, यात फुकट काय आहे? मालकाला पै न् पै मिळते, वर व्याजही मिळते. हातात पैसे नसलेला माणूस आणि देण्याची नियतच नसलेला माणूस, यांतला भेद ठरवण्यासाठी कायदा फक्त वेळ देतो.

६/ घरमालकांचे दुःख खोटे नाही. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी दशकानुदशके जखडून ठेवणे अन्यायाचेच होते. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. परंतु तो अन्याय भाड्याच्या रकमेचा होता. त्याचा राग नोटिशीच्या मुदतीवर काढणे म्हणजे दुखणे पोटात आणि लेप कपाळाला!

७/ आणि हा राग तुम्हां तरुणांच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले, नंतरच्यांना नाही. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारे तुम्ही कायद्याच्या लेखी भाडेकरू नाहीच. कलम १५ चे ९० दिवस तुमचे नव्हेत. मुदत संपूनही राहिलात, तर कलम २४ नुसार दुप्पट शुल्काची भरपाई तुमच्या माथी.

८/ म्हणून पागडीवाल्या आजोबांच्या ९० दिवसांचा हेवा करू नका. पगार एक महिना लांबला म्हणून ज्याचे घर जाऊ शकते, त्या परवानाधारकालाही लेखी नोटीस आणि थकबाकी फेडण्याची ठरावीक मुदत कायद्याने मिळावी, ही मागणी करा. १८८२ चे परके सरकार जे न्याय्य मानत होते, ते आज मागणे अवाजवी कसे?